वही न्यायला रविवारी ये

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पोलीस पाटलाची ऑर्डर निघाली, पेढे पोचले. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंस, "आबा, पहिलं काम कोणतं करू?" आणि खाली स्वतःच उत्तर दिलंस, की चावडीवर सगळ्या हेल्पलाइनचा मोठा फलक लावणार. लाव की. मी पोलीस पाटील असताना मीही लावला होता. आठवड्याच्या आत त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स चढला आणि ११२ मधले दोन आकडे कुणाच्या तरी फेट्यामागे गेले.

फलकाच्या आधी एक कर. रात्री दोन वाजता एखाद्या मळ्यातून १०८ ला फोन गेला तर पुढे काय होईल, हे मनातल्या मनात चालून बघ. फोन उचलणारी व्यक्ती आपल्याकडची नाही. तिला पाण्याची टाकी माहीत नाही, आपला ओढा माहीत नाही. कुणी नुसतं 'वडगाव' म्हटलं तर आपल्या जुन्नर तालुक्यातच वडगाव आनंद आहे, वडगाव कांदळी आहे, वडगाव सहानी आहे. आणि घाबरलेला माणूस पत्ता सांगत नसतो, तो "लवकर या, लवकर या" एवढंच म्हणतो. म्हणून मी शाळेत गुरुजींना सांगून पोरांकडून पत्ते पाठ करून घेतले. जिल्हा, तालुका, गाव, वस्ती, कोणत्या फाट्यावरून आत, कोणत्या हाताला. पुढे एका घरी म्हातारा अंगणात कोसळला तेव्हा मोठी माणसं नुसती ओरडत होती आणि पाचवीतल्या नातीनं फोनवर पत्ता पाढ्यासारखा म्हणून दाखवला. गाडी सरळ दारात आली. तरी एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करायचाच, हे विसरू नकोस.

ग्रामसुरक्षा यंत्रणेचंही तसंच. १८०० २७० ३६०० वर एक फोन केला की नोंदवलेल्या सगळ्या मोबाइलवर एकदम निरोप वाजतो, सोय झकास आहे. पण आपल्याकडे नंबर कुणाचे नोंदवलेत? कारभाऱ्यांचे! टोमॅटोच्या हंगामात कारभारी नारायणगावच्या बाजारात, आणि मळ्यात चोर शिरल्याचा फोन तिथं क्रेटच्या ढिगाऱ्यात वाजतोय. घरी जी बाई असते तिचा नंबर घे. "तिला काय कळतंय" असं म्हणतील. म्हणू देत.

बिबट्यावर मी तुला काय सांगणार, उसात वाढलेली पोर तू. रानात वाकून काम करणारा माणूस त्याला जनावरासारखा दिसतो, हे आपल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. वनखात्याचा १९२६ तेवढा बायकांच्या मोबाइलमध्ये भरून दे. आणि ग्रामसभेत शेतीच्या दिवसाच्या विजेचा विषय दर वेळी काढ. लोक हौसेनं रात्री पाणी भरायला जात नाहीत.

आता सापाचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आपल्या बाजूला आहेत. त्यातला मण्यार जास्त फसवा, कारण जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावतो आणि कळतसुद्धा नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात आणि घरचे समजतात अपचन झालं. चावला की आधी देवऋषाकडे न्यायची रीत अजून आहे. मी सुरुवातीला देवऋषाशी भांडलो. त्यानं माझं काही बिघडलं नाही, लोक मला चुकवून मागच्या वाटेनं त्याच्याकडे जायला लागले. मग एका संध्याकाळी त्याच्याच ओट्यावर चहा पीत म्हणालो, "बाबा, तुमचा अंगारा लावा, पण गाडीत बसवून लावा. माणूस तुमच्या दारात गेला तर नाव तुमचं जाईल." पटलं त्याला. पुढं चार-पाच वेळा त्याचाच फोन आधी आला. अंधश्रद्धेला खतपाणी घातलं म्हणून मला बोलणारेही भेटले. माझा हिशेब माणूस दवाखान्यात किती वाजता पोचला एवढाच होता. आणि हो, आपल्या आरोग्य केंद्रात सापाचं इंजेक्शन शिल्लक आहे का, हे मृग लागायच्या आधी जाऊन विचारत जा.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून राहिली, ती अजून टोचते. विहिरीवर मोटर चालू करताना एक तरुण शॉक लागून गेला. घरचे हात जोडून म्हणाले, "आबा, पोराला फाडू नका." माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही. पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही, संध्याकाळी अग्नी दिला. महिन्यानं त्याची बायको कागद घेऊन आली. शेतकऱ्याचा असा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडेंच्या नावाच्या योजनेतून घरच्यांना २ लाख मिळतात. वीज अंगावर पडली, साप चावला, पाण्यात बुडाला, सगळं त्यात बसतं. पण अपघात झाल्याचा कागद लागतो, आणि अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत द्यायचा असतो. तिच्या हातात फक्त मृत्यूचा दाखला होता. अशा वेळी खबर ठाण्याला द्यायचीच, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी मी माणुसकी केली असं सगळे म्हणाले होते. तू तिथं कठोर हो. रडणाऱ्या आईजवळ बस, पण खबर दे.

तुला एक दार उघडं आहे जे मला कधीच उघडलं नाही. मार खाणारी बाई माझ्याकडे आली तरी "दारात पडले" म्हणायची. तुझ्याकडे पाणी भरताना बोलेल. बोलली तर चारचौघांत मिटवायला जाऊ नकोस, मी गेलो होतो, तिला दुप्पट भोगावं लागलं. बायकांच्या मदतीचा १८१ नंबर कसा लावायचा ते दाखव, तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तिच्यासोबत जा, आणि गावात विचारलं तर बाजाराला गेलो होतो म्हण.

पोरांचं सुरक्षा दल उभं करशीलच. शिट्ट्या, काठ्या, टोप्या दे. पण १ जुलै २०१८ विसरू देऊ नकोस. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला आठवडे बाजारात पोरं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. तेही गावच होतं, त्यांनाही वाटत होतं आपण गाव राखतोय. मध्यंतरी रात्री ड्रोन फिरतात म्हणून हूल उठली, तेव्हा आपलीच पोरं रस्त्यावर अनोळखी गाड्या अडवत होती. मी मध्ये उभा राहिलो, तर एकानं माझीच कॉलर धरली. दलात घेताना कोण किती धावतो हे बघू नकोस, कोण किती ऐकतो ते बघ.

माझ्या वहीत वस्तीवार नावं आहेत. कुणाकडे गाडी आहे, कोणाच्या घरी दम्याचा पेशंट आहे, कोण एकटं राहतं, कोणत्या विहिरीला कठडा नाही. रविवारी ये आणि घेऊन जा. गेल्या पावसात मधली दोन पानं भिजली, ठाकरवाडीची. तिथं तुला घरोघर जाऊनच विचारावं लागेल. दुपारी जाऊ नकोस, सगळे कामावर असतात.

तुझा,
आबा