वाचक विचारतात : बंद पडलेलं गेम मशीन घ्यावं का?

जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमधली उभी, नाणं टाकून खेळायची मशीनं स्वस्तात मिळताहेत, ती घ्यावीत का आणि घेतल्यावर कुठून सुरुवात करावी, अशा प्रश्नांना या अंकात उत्तरं दिली आहेत.

ओळखीच्यांचं पार्लर कधीच बंद झालं. गोडाऊनमध्ये चार मशीनं उभी आहेत. 'सगळी बंद आहेत' म्हणून भंगाराच्या भावात देतो म्हणतात. उचलण्याआधी काय पाहू?
— वाचक, कोल्हापूर

'बंद आहे' एवढ्यावर काहीच ठरत नाही. काय बंद आहे ते पाहायला हवं. मशीनमध्ये लाकडी कॅबिनेट, मॉनिटर, पॉवर सप्लाय, गेमचं बोर्ड (ज्यावर गेमच्या चिपा असतात ती पाटी) आणि हे सगळं जोडणारी वायरिंग असते. पॉवर सप्लाय आणि वायरिंग स्वस्तात नवी बसते. स्विच, फ्यूज तर किरकोळच. महाग पडतात मॉनिटरची पिक्चर ट्यूब आणि बोर्ड, म्हणून पाहणीचा सगळा वेळ या दोघांना द्या.

सोबत टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि मल्टिमीटर न्या. मशीन लगेच प्लगला लावून बघू नका. मागचं दार उघडा आणि ट्यूबच्या निमुळत्या काचेवर, म्हणजे मानेवर, टॉर्च मारा. आतल्या बाजूला आरशासारखा चकचकीत, काळसर चंदेरी डाग दिसला तर ट्यूबमधली निर्वात स्थिती शाबूत आहे. तोच डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर कुठून तरी हवा आत गेली आहे आणि ट्यूब संपली. मग समोरून बंद काचेवर तिरका उजेड टाका. वर्षानुवर्षं एकच गेम चालला असेल तर त्याच्या स्कोअरची अक्षरं काचेवर भाजलेली दिसतात. ती जात नाहीत, पण मशीन चालतं. भाव पाडायला एवढं पुरे.

बोर्डावर पहिली बघायची ती बॅटरी. ती फुटून भोवती हिरवट-पांढरी बुरशी धरली असेल तर तिथले तांब्याचे बारीक मार्ग खाल्ले गेले असण्याची शक्यता मोठी. सॉकेटमधली एखादी चिप गायब आहे का, चिपचे पाय गंजलेत का, तेही बघा. उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील तर घाबरू नका, तयार वायरिंगचा सेट मिळतो. उंदीर बोर्डावर मुतला असेल तर मात्र ते काम वाढवणारं लक्षण आहे. कॅबिनेटच्या तळाला नखाने दाबून बघा. पार्टिकल बोर्ड पावसाळ्याच्या ओलीने फुगलं की स्क्रू धरत नाही.

चारही मशीनं ५६ पिनांच्या जाम्मा पद्धतीची असतील तर जमल्यास चारही घ्या. १९८५च्या सुमारास जपानमध्ये ठरलेल्या या जोडणीमुळे एका मशीनचं बोर्ड दुसऱ्यात लागतं आणि अदलाबदल करून दोष कुठे आहे ते पटकन कळतं. फक्त चांगलं बोर्ड अनोळखी मशीनमध्ये घालण्याआधी त्या मशीनचे व्होल्ट मोजा. बिघडलेला सप्लाय चांगलं बोर्डही घेऊन जातो.

कुलपाच्या किल्ल्या नसतील तर कुलूप ड्रिलने काढून नवं बसवा. बऱ्याचदा हरवलेल्या किल्ल्या आतच एखाद्या खिळ्याला टांगलेल्या सापडतात.

मशीन आणलं, बटण दाबलं की फ्यूज उडतो. दोनदा बदलला. आता जाड तार लावून बघू का?
— वाचक, नाशिक

मुळीच नको. तार लावली तर फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर किंवा वायरिंग जळेल. इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज बोर्ड घ्या आणि १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब (एलईडी चालणार नाही) मशीनच्या वाटेत लावा. बल्ब क्षणभर भडकून मंद झाला तर ठीक. मॉनिटरची डीगॉस कॉइल (ट्यूबमधलं चुंबकत्व घालवणारं वेटोळं) सुरुवातीला जास्त करंट ओढतेच. पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर कुठे तरी शॉर्ट आहे. मग प्लग काढा, एकेक भाग सोडवा आणि दर वेळी प्लग पुन्हा लावून बघा: आधी मॉनिटरचा सप्लाय, मग पॉवर सप्लाय, मग वरच्या पाटीची ट्यूबलाइट. जो भाग सोडवल्यावर बल्ब मंद होतो, दोष त्याच्यात. दोष मॉनिटरमध्ये निघाला तर बहुतेक वेळा आडव्या स्कॅनिंगचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असतो.

प्लगही बघा. तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा लावलेली मशीनं सर्रास मिळतात. अर्थिंगची वायर नाण्याच्या लोखंडी दारापर्यंत पोचते का ते मीटरच्या बीपवर तपासा. खेळणाऱ्याचा हात तिथेच लागतो.

गेम सुरू होतो, पण पडद्यावर एकदम गर्दी झाली की पुन्हा पहिल्यापासून चालू होतो. कधी चित्रात ठिपके येतात. दुरुस्तीवाले म्हणतात बोर्ड गेलं. बोर्ड बदलावं का?
— वाचक, पुणे

थांबा. तुम्ही सांगता ती लक्षणं कमी व्होल्टेजची आहेत आणि चांगली बोर्डं याच गैरसमजात सर्वांत जास्त फेकली जातात.

बोर्डावरच्या जुन्या चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. लोक मीटर लावतात पॉवर सप्लायच्या स्क्रूवर, तिथे ५.१ दिसतात आणि सप्लाय चांगला म्हणून सोडून देतात. मोजायचं असतं बोर्डावर, गेम चालू असताना. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी काडी बोर्डाच्या ग्राउंडवर (शून्य व्होल्टच्या बाजूवर), लाल काडी कुठल्याही चिपच्या ५ व्होल्टच्या पायावर. १४ किंवा १६ पायांच्या साध्या लॉजिक चिपमध्ये बहुतेक वेळा तो शेवटच्या क्रमांकाचा पाय असतो. काडी घसरून दोन पाय जोडू देऊ नका.

समजा तिथे ४.६ आले. मधले अर्धा व्होल्ट गेले कुठे? बोर्ड ४ अँपिअर ओढत असेल आणि वाटेत फक्त ०.१ ओहमचा अडथळा असेल तरी ०.४ व्होल्ट तिथेच खर्च होतात. एवढा अडथळा व्हायला कनेक्टरवरचा काळपट थर पुरतो. तो कुठे आहे हेही मीटरच सांगेल. लाल काडी सप्लायच्या ५ व्होल्टच्या स्क्रूवर आणि काळी बोर्डाच्या ५ व्होल्टवर ठेवा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट त्या वायरीत आणि कनेक्टरात चाललेत. मग हेच ग्राउंडच्या बाजूने करा. ग्राउंडची बाजू तपासायला बहुतेक जण विसरतात आणि अर्धा दोष तिथेच राहतो.

आता सफाई. प्लग काढा, बोर्ड बाहेर घ्या. बोर्डाच्या कडेच्या, कनेक्टरात जाणाऱ्या सोनेरी पट्ट्यांवर साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवा. काळपटपणा खोडरबरावर येतो. चुरा ब्रशने झाडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सँडपेपर लावू नका. वरचा पातळ मुलामा गेला की तांबं पुन्हा लवकर काळवंडतं. जाम्मा कनेक्टरच्या १, २, ए, बी या पिना ग्राउंडच्या आणि ३, ४, सी, डी या ५ व्होल्टच्या. करंट इथूनच जातो, म्हणून इथलं प्लास्टिक पिवळं किंवा करपलेलं आहे का ते बघा. करपलं असेल तर त्या पिनांची पकड गेलेली असते आणि सफाईने भागत नाही. ३.९६ मिलिमीटर अंतराच्या पिनांचा ५६चा नवा कनेक्टर बसवा आणि ५ व्होल्ट व ग्राउंडच्या सगळ्या पिनांना वायर द्या. खर्च वाचवण्यासाठी एकाच पिनेवर भागवलेली वायरिंग पुष्कळ सापडते.

हे झाल्यावरच पॉवर सप्लायवरचा छोटा ॲडजस्ट स्क्रू फिरवा आणि बोर्डावर ५.० ते ५.१ आणा. आधी स्क्रू फिरवून नंतर कनेक्टर साफ केला तर अडथळा गेल्याबरोबर बोर्डावर जास्त व्होल्ट चढतील. आकडा बरोबर असूनही गेम अडखळत असेल तर मीटर एसीवर करून त्याच जागी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर सप्लायमधले कपॅसिटर सुकलेत, सप्लाय बदला.

बोर्ड परत लावताना ते उलटं जात नाही ना हे बघा. सातव्या पिनेच्या जागी अडथळ्याची पट्टी असायला हवी. ती पडली असेल तर कनेक्टर उलटाही बसतो आणि मग बोर्ड खरोखर जातं.

आवाज येतो, गेम चालतो, पण पडद्यावर फक्त एक आडवी रेघ आहे.
— वाचक, सोलापूर

चित्र वर-खाली पसरवणारा भाग, म्हणजे व्हर्टिकल डिफ्लेक्शन, बंद आहे. ट्यूब चांगली आहे. मशीन असंच चालू ठेवू नका, सगळा उजेड एका रेघेत पडून काच तिथे भाजते. कारण बहुधा तीनपैकी एक: हीटसिंकवरच्या (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या पट्टीवरच्या) व्हर्टिकल आयसीच्या, म्हणजे चिपच्या, पायांना ड्राय सोल्डर (सुटत आलेला जोड), सुकलेला कपॅसिटर किंवा तो आयसीच. पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसली तर जुनं सोल्डर काढून नवं द्या. कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त आणि १०५ अंश तापमान सोसणारा घ्या.

पण मॉनिटरला हात लावण्याआधी हे वाचा. रंगीत ट्यूबच्या रबरी टोपीखाली २०,००० व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही राहू शकतो. प्लग काढा. इन्सुलेटेड मुठीच्या लांब चपट्या स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधा आणि तिचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरच्या उघड्या तारेच्या वेणीला क्लिपने पक्कं लावा. एक हात पाठीमागे ठेवून स्क्रू ड्रायव्हरचं टोक टोपीखाली सरकवा. टक असा आवाज येईल किंवा येणार नाही. काही मिनिटांनी पुन्हा करा. मेन फिल्टर कपॅसिटरही मीटरने मोजा. २३० व्होल्ट थेट घेणाऱ्या चॅसिसमध्ये (मॉनिटरच्या सर्किटमध्ये) त्यावर सव्वातीनशे व्होल्ट असू शकतात. हे करायची हिंमत नसेल तर जुने रंगीत टीव्ही दुरुस्त करणारे मिस्त्री गाठा. या मॉनिटरचं आडवं स्कॅनिंग टीव्हीसारखंच १५ किलोहर्ट्झच्या आसपास असतं, त्यांना ते परकं वाटणार नाही.

आम्ही लहानपणी 'मुस्तफा' म्हणायचो त्या गेमचं बोर्ड विकायला आहे. मूळ कंपनीचं आहे म्हणतात. बॅटरीचं काही तरी असतं असं ऐकलं.
— वाचक, ठाणे

तो 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम, १९९३. मूळ बोर्डावर आवाज सांभाळणाऱ्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम कूटबद्ध असतो आणि तो उलगडायची किल्ली बॅटरीवर जिवंत राहते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते. म्हणून चालू अवस्थेत, आवाज ऐकूनच घ्या आणि बॅटरीचा इतिहास विचारा. कॉपी बोर्डाला ही भानगड नसते. फक्त खेळायचं असेल तर चांगलं कॉपी बोर्ड पुरेसं आहे, मात्र त्याला मूळ बोर्डाचा भाव देऊ नका.

एका खेळाडूची सगळी बटणं मेली आहेत, दुसऱ्याची चालतात. शिवाय टोकन टाकलं की खाली परत येतं.
— वाचक, रत्नागिरी

सगळी बटणं एकदम खराब होत नाहीत. प्रत्येक मायक्रोस्विचच्या कॉमन पायाला ग्राउंडची एकच वायर एकातून दुसऱ्यात ओवलेली असते. ती एका जागी निसटली की पुढचे सगळे स्विच मेले. पहिल्या बंद स्विचची क्लिप बघा. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत ती गंजलेली असण्याचाच संभव जास्त. एकटंच बटण बंद असेल तर वायर एनसीवर (न दाबता जोडलेल्या पायावर) नव्हे, एनओ पायावर (दाबल्यावर जोडला जाणाऱ्या) आहे ना ते तपासा.

टोकनचं म्हणाल तर तुलना करणाऱ्या कॉइन सिलेक्टरमध्ये नमुन्याचं एक नाणं अडकवलेलं असतं. ते काढून नेलेलं असेल तर तो प्रत्येक नाणं परत करतो. आता जे टोकन वापरायचं ते तिथे ठेवा. तरीही नाकारत असेल तर त्याला १२ व्होल्ट मिळतात का ते मोजा.

अमेरिकेत १९८२चं मिस पॅकमॅन स्वस्तात मिळतंय, पडद्यावर नुसता कचरा दिसतो. पुढच्या वर्षी पुण्याला परत येतोय. घेऊन यावं का?
— वाचक, न्यू जर्सी

पडदा उजळतोय म्हणजे ट्यूब आणि मॉनिटर बरेचसे शाबूत आहेत, त्यामुळे घ्यायला हरकत नाही. या मशीनला जाम्मा नाही, ४४ पिनांचा कनेक्टर आहे. बोर्ड ७ व्होल्टचा एसी घेऊन स्वतःच त्याचे ५ व्होल्ट डीसी करतं, त्यामुळे त्या पिनांमधून करंट जास्त जातो आणि त्या करपतात. पहिलं तिथे बघा. दुसरी जागा मुख्य बोर्डाला जोडलेल्या छोट्या जोडबोर्डाची. ते ४० तारांच्या चपट्या केबलने झेड-८० प्रोसेसरच्या सॉकेटला जोडलेलं असतं आणि ती केबल म्हातारी होते. ओळखायची युक्ती अशी: बंद करून केबल काढा, जोडबोर्डावरचा झेड-८० मुख्य बोर्डाच्या सॉकेटमध्ये खाचेची दिशा जुळवून बसवा. मूळ बोर्ड असेल तर साधा पॅकमॅन सुरू होईल. झाला तर मुख्य बोर्ड ठीक आहे आणि दोष केबलमध्ये किंवा जोडबोर्डात आहे. नवी केबल लावून बघा.

पुण्यात मशीन सरळ २३० व्होल्टवर लावायचं नाही. व्होल्टेज अमेरिकेतल्याइतकं कमी करून देणारा ५०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. आतल्या ट्रान्सफॉर्मरवर ५०/६० हर्ट्झ लिहिलंय का ते बघा. फक्त ६० असेल तर तो आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. पहिल्या दिवशी तासभर चालवून प्लग काढा आणि हात लावून पाहा. चटका बसण्याइतका गरम असेल तर बदलून घ्या. वरच्या पाटीमागच्या ट्यूबलाइटचा चोकही ६० हर्ट्झचाच असेल. तो काढून टाका आणि तिथे २३० व्होल्टची एलईडी पट्टी वेगळ्या वायरीने लावा.