आतून सोनोग्राफी करू की नको?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी नागपुरात महाल भागात राहते, विसावा आठवडा चालू आहे. पहिलं बाळ आठव्या महिन्यातच झालं, बरेच दिवस पेटीत होतं. आता डॉक्टर म्हणून राहिले की आतून सोनोग्राफी करू, म्हणजे हेही लवकर येईल का याचा अंदाज येते. सासूबाई म्हणतात त्यानं बाळ खाली सरकते. खूप भीती वाटून राहिली.

उत्तर : ताई, करा, आणि याच आठवड्यात करा. यात गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजतात. सोनोग्राफीची ती दांडी, म्हणजे प्रोब, पिशवीच्या तोंडात जातच नाही हो, योनीमार्गातच थांबतो, बाळाला त्याचा धक्काही लागत नाही. सासूबाईंना सोबत न्या, त्यांनाही डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. जायच्या आधी लघवी करून जा, पाणी पिऊन पोट तट्ट करून बसायचं नाही, कारण मूत्राशय भरलेलं असलं की पिशवीचं तोंड दाबलं जाते आणि आहे त्यापेक्षा लांब दिसते, म्हणून तर भरल्या पोटी वरून केलेल्या सोनोग्राफीच्या मापावर भागत नाही.

या दिवसांत हे तोंड साधारण साडेतीन-चार सेंटीमीटर लांब असते. 25 मिलीमीटर किंवा कमी भरलं तर आखूड म्हणायचं, म्हणजे बाळ लवकर यायची शक्यता वाढते. तुमचं आधीचं बाळ लवकर आलंय, म्हणून 24 आठवड्यांपर्यंत हे माप दर एक-दोन आठवड्यांनी घेतात, एकदा नॉर्मल आलं म्हणून सोडून देऊ नका.

आणि आखूड आलं म्हणजे बाळ लवकर येणारच असं नाही, कितीतरी जणींचे दिवस पूर्ण भरतात. पण वेळेत कळलं तर रात्री योनीमार्गात ठेवायची प्रोजेस्टेरॉनची गोळी देता येते, तुमच्यासारख्या केसमध्ये पिशवीच्या तोंडाला टाकाही घालता येते, आणि हे सगळं 24 आठवड्यांच्या आत ठरवावं लागते म्हणूनच मी घाई करून राहिले. नुसतं पलंगावर झोपून राहिल्यानं मात्र बाळंतपण पुढे ढकललं जात नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती, तेव्हा घरचे कितीही म्हणोत, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तसं करू नका.

माप चांगलं आलं तरी पोट सारखं कडक होणं, कंबरेत कळा, पाणी किंवा रक्त जाणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. नवजात बाळांचं आयसीयू आहे अशाच ठिकाणी जा, मेडिकल, मेयो ही आपली सरकारी रुग्णालयं, जे जवळ पडेल ते. बाळंतपण लवकर होईल असं दिसलं तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याला काम करायला वेळ मिळायला पाहिजे.