वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यातला स्लॅब

प्रश्न : सोलापुरात मे महिन्यात स्लॅब टाकायचा आहे. काँक्रीट अर्ध्या तासातच आळतं, मग गवंडी वरून पाणी ओततात. प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन) घातला तर चालेल का? किती घालावा?

उत्तर : चालेल, पण पाणी ओतणं आधी बंद करा. पोत्याला २५ लिटरच्या हिशेबात ५ लिटर वाढले की पाणी-सिमेंट प्रमाण ०.५ वरून ०.६ वर जातं आणि ताकद घटते. उन्हाळ्यात आळायला उशीर करणारा, म्हणजे रिटार्डरयुक्त सुपरप्लास्टिसायझर (प्लास्टिसायझरचाच जास्त प्रभावी प्रकार) घ्या. सिमेंटच्या १ टक्का, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला ५०० ग्रॅम, ही वरची मर्यादा धरा. सुरुवात ३०० ग्रॅमपासून, डब्यावरची मात्रा पाहून. कोरड्या सिमेंटवर ओतू नका, तिथेच शोषला जातो. बहुतेक पाणी घालून झाल्यावर उरलेल्या दोन-तीन लिटरांत मिसळून घाला, नंतर मिक्सर पूर्ण दोन मिनिटं फिरू द्या. मात्रा जास्त झाली की खडी खाली बसते, वर पाणी सुटतं, दुसऱ्या दिवशीही पृष्ठभाग नखाने ओरखडतो. आधी मिक्सरचा एक घाणा मारून स्लंप (साचा काढल्यावर ओलं काँक्रीट किती खाली बसतं ते) मोजा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.

रिटार्डरमुळे काँक्रीट जास्त वेळ ओलं राहतं, त्यामुळे इथल्या कोरड्या वाऱ्यात तडे लवकर पडतात. स्लॅब संध्याकाळी टाका, फिनिशिंग होताच प्लास्टिक अंथरा.