घर-सल्ला: गच्चीवरचा सोलर बदलताना

प्रश्न: पुण्याजवळ आमचा दुमजली बंगला आहे, घरात पाच जण. गच्चीवरचा 200 लिटरचा, तांब्याच्या नळ्यांचा सोलर 12 वर्षं चालला. आता पाणी कोमटच येतं. प्लंबर म्हणतो, नळ्या क्षारांनी भरल्यात. पाणी बोअरचं, कठीणपणा 480 (मिलिग्रॅम प्रति लिटर). यंदा प्रेशर पंपही बसवायचाय. दुकानदार काचेच्या नळ्यांचा सोलर सुचवतो, मेहुणे हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा विजेचा संच). काय घ्यावं?

उत्तर: क्षमता आहे तीच ठेवा. आठ मिनिटांच्या शॉवरला साधारण 60-70 लिटर पाणी लागतं. 60 अंशांचं आणि थंडीतलं 20 अंशांचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की 40 अंश होतं. म्हणजे माणशी गरम पाणी 30-35 लिटर. पाच जणांचं भागून भांड्यांपुरतं उरतं.

खरी अडचण कठीण पाणी आणि प्रेशर पंप एकत्र आल्याची आहे. काचेच्या नळ्या रुंद असतात, त्यामुळे लवकर तुंबत नाहीत, आणि फुटली तर एकटी नळी बदलता येते. कठीण पाण्याला म्हणूनच त्या सुचवतात. पण साध्या संचात नळी टाकीत फक्त सिलिकॉनच्या रिंगवर बसलेली असते. पंपाचा दाब आला की रिंग झिरपते, कधी नळीच निसटते. पंप फक्त थंड लाइनवर लावावा, तर मिक्सरमध्ये थंड पाणी गरम लाइनीत उलटं घुसतं. टाकीत कॉइल, म्हणजे गुंडाळलेली नळी, असलेला प्रकार दाब सोसतो, पण मग तुमचं पाणी त्या कॉइलमधूनच जाणार आणि क्षार तिथे साचणार.

तुमच्यासाठी हीट एक्स्चेंजरचा सपाट कलेक्टर (ऊन झेलून तापणारा सपाट पॅनेल) बरा. यात कलेक्टरमध्ये क्षारमुक्त पाणी बंद चक्रात फिरतं आणि टाकीभोवतीच्या कप्प्यातून उष्णता आत देतं. बोअरचं पाणी अरुंद नळ्यांत शिरतच नाही. चक्रातलं पाणी थोडं थोडं उडतं. वरच्या लहान टाकीत भर घालताना बोअरचं पाणी ओतलंत, तर सगळा खर्च वाया. आतली टाकी किती किलो प्रेशरला तपासली आहे, हे बिलावर लिहून घ्या.

कलेक्टरचं तोंड दक्षिणेला हवं. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. थंडीतलं ऊन पकडायला कल 30 अंशांच्या आसपास ठेवा. गरम लाइन सीपीव्हीसीची (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकची), वर इन्सुलेशन. थंड पाण्याच्या पुरवठ्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) विसरू नका. गच्चीपासून नळापर्यंत पाऊण इंची पाइप 20 मीटर असेल, तर गरम येईपर्यंत सुमारे पाच लिटर थंड पाणी सोडावं लागतं. त्यामुळे टाकी बाथरूमच्या डोक्यावरच आणता आली तर पाहा.

पावसाळ्यासाठी टाकीत विजेची कॉइल बसवून देतात. आमचं मत विरोधात आहे. 200 लिटर पाणी 40 अंशांनी तापवायला सव्वानऊ युनिट जातात, आणि दोन किलोवॉटच्या कॉइलला साडेचार तासांवर वेळ लागतो. अंघोळी मात्र कधी कधी दोनच व्हायच्या राहिलेल्या असतात. बाथरूममध्ये 15 लिटरचा गिझर स्वस्त पडतो.

हीट पंप हेच काम साधारण तीन युनिटांत करतो. शेजारच्या इमारतीची सावली दुपारी गच्चीवर येत असेल, तर मेहुण्यांचं ऐका. त्याला मोकळी हवा लागते आणि आवाज असतो, म्हणून झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नको. कॉइल टाकीबाहेर गुंडाळलेली निवडा. पाण्यात बुडालेल्या कॉइलवर तुमचे क्षार चढतील.

प्रश्न: फ्लॅटमधला जुना गॅस गिझर गेला. त्याच जागी, बाथरूममध्ये, नवा बसवू का? एक्झॉस्ट फॅन आहे.

उत्तर: बसवू नका. बंद बाथरूममध्ये हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. काही वेळा फॅन चालू करायचा राहतो, आणि चालू असला तरी बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर उपयोग थोडाच. गिझर ड्राय बाल्कनीच्या उघड्या भिंतीवर घ्या आणि तिथून गरम लाइन आत आणा. बाल्कनीला सरकत्या काचा लावून ती बंद केली असेल, तर विजेचा घ्या: स्वतंत्र 16 अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच).