हिशेब तपासणीतून अनुदान देणाऱ्या फाउंडेशनमध्ये जाता येतं का?

तुम्ही विचारलंय की चार वर्षं हिशेब तपासणी केलेल्या माणसाला सामाजिक संस्थांना अनुदान देणाऱ्या फाउंडेशनमध्ये काम मिळू शकतं का, आणि तिथे नेमकी कामं तरी कोणती असतात. मिळू शकतं, आणि तुमची वाट तुम्हाला वाटते त्याहून सरळ आहे. मी आधी सहा वर्षं एका छोट्या संस्थेसाठी अनुदानाचे प्रस्ताव लिहीत होते. गेली नऊ वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून तसेच प्रस्ताव वाचते आहे.

बाहेरून एकच पद दिसतं, प्रोग्राम ऑफिसरचं. आरोग्य, शिक्षण, शेती असा एखादा विषय त्याच्याकडे असतो. कोणाला अनुदान द्यावं याची शिफारस तो करतो, मोठ्या रकमांची मंजुरी बहुधा विश्वस्त मंडळ देतं. जाहिरात निघाली की सगळ्यांची उडी या पदावर पडते. जागा मोजक्या, आणि त्या बहुतेक वेळा त्या विषयात दहा-पंधरा वर्षं काढलेल्या डॉक्टर, संशोधक किंवा संस्था चालवलेल्या लोकांकडे जातात. काही ठिकाणी तर हे पद कायमचंही नसतं. अमेरिकेतल्या ह्यूलेट फाउंडेशनमध्ये प्रोग्राम ऑफिसरची मुदत आठ वर्षांची असते, म्हणजे नव्या दमाची माणसं येत राहतात.

तुमचं दार ग्रँट्स मॅनेजमेंटचं, म्हणजे अनुदानं सांभाळण्याच्या कामाचं आहे. अर्ज आल्यापासून अनुदानाची फाइल बंद होईपर्यंतचं सगळं या लोकांच्या हातून जातं. नोंदणीची कागदपत्रं खरी आहेत का, मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद काय सांगतात, संस्था एकाच देणगीदारावर टेकलेली आहे का, करारात कोणत्या अटी घालायच्या, हप्ते कधी सोडायचे, आलेला खर्चाचा अहवाल मंजूर बजेटशी जुळतो का. हे कारकुनी काम आहे असा समज आहे, तो साफ चुकीचा आहे.

एकदा एका संस्थेची शिफारस मी जवळजवळ मागे घेतली होती. ताळेबंदात भरपूर शिल्लक दिसत होती, मला वाटलं यांना आपल्या पैशांची गरज नाही. आमच्या ग्रँट्स मॅनेजरने ताळेबंदाला जोडलेल्या टिपा उघडून दाखवल्या. ती जवळपास सगळी रक्कम आधीच्या देणगीदारांनी ठरावीक कामांसाठी बांधून दिलेली होती. पगाराला मोकळे पैसे जेमतेम दोन महिन्यांचे होते. आम्ही मग प्रकल्पापुरता पैसा न देता संस्थेच्या चालू खर्चासाठी दिला. ताळेबंद वाचणारं ते माणूस तिथे नसतं, तर आमच्या नकाराने एक चांगली संस्था बंद पडली असती.

असा मोकळा, दीर्घ मुदतीचा पैसा द्यावा हा विचार आता मोठ्या फाउंडेशनांतही रुजतो आहे. अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशनने २०१६ मध्ये ‘बिल्ड’ कार्यक्रम सुरू केला, संस्थांचा स्वतःचा पाया मजबूत व्हावा म्हणून पाच वर्षांसाठी १ अब्ज डॉलर ठेवले. संस्थेची आर्थिक तब्येत वाचू शकणारी माणसं या कामाला लागतातच.

बाकीच्या भूमिका थोडक्यात सांगते. अनुदानाने काही बदललं का हे शोधणारे मूल्यमापनाचे लोक असतात. त्यांना संख्याशास्त्र आणि मुलाखती घेणं दोन्ही यावं लागतं. कम्युनिटी फाउंडेशनमध्ये (पहिलं १९१४ चं, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराचं) अनेक देणगीदारांचा पैसा एकत्र असतो, म्हणून तिथे देणगीदारांशी बोलणारी स्वतंत्र माणसं लागतात. ब्रिटनमधल्या वेलकम फाउंडेशनसारख्या स्वतःचा मोठा निधी असलेल्या ठिकाणी गुंतवणुकीचा पूर्ण विभाग असतो. अमेरिकेत खासगी फाउंडेशनला दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के रक्कम खर्च करावीच लागते, म्हणजे बाजार पडला तरी वाटप चालू ठेवणं आलंच. तुमच्या पार्श्वभूमीला ही गुंतवणुकीची वाटही मोकळी आहे, पण तिथे संस्थांची माणसं सहसा भेटत नाहीत. मला ते जमलं नसतं.

आता जे कोणत्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं ते सांगते. पैसा तुमच्या हातून जातो हे कळलं की लोक तुमच्याशी अवघड गोष्टी बोलेनासे होतात. फसलेला प्रयोग अहवालात ‘शिकवण’ होऊन येतो, आणि तुमच्या साध्या सूचनेलाही हुकूम समजलं जातं. शिवाय बहुतेक अर्जांना नकारच द्यावा लागतो. मी प्रस्ताव लिहीत होते तेव्हा आठ-आठ महिने उत्तराची वाट पाहिली आहे. त्या काळात आम्ही दोन कार्यकर्त्या गमावल्या. म्हणून नकार द्यायचा तर लवकर आणि कारणासह द्यावा, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगते.

पगार सहसा वित्त कंपन्यांपेक्षा कमी आणि अनुदान घेणाऱ्या संस्थांपेक्षा बरा असतो. टीम लहान असल्याने बढत्या सावकाश होतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

सुरुवात म्हणून नोकरी न सोडता एखाद्या छोट्या संस्थेचं खजिनदारपद किंवा हिशेबाचं काम वर्षभर घ्या. त्यांचा एक प्रस्ताव स्वतः लिहा आणि त्याचा खर्चाचा अहवालही स्वतःच भरा. मग एखाद्या संस्थेचे जाहीर हिशेब घेऊन दोन पानांचं टिपण तयार करा: हिला अनुदान द्यावं का, किती, कोणत्या अटींवर, आणि धोका कुठे आहे. मी माणसं निवडते तेव्हा प्रमाणपत्रांआधी असं टिपण मागते, आणि त्यातला धोक्याचा परिच्छेद सगळ्यात आधी वाचते.