प्रॅक्टिसमध्ये बरोबर, मॅचमध्ये नेटमध्ये

"मॅडम, प्रॅक्टिसमध्ये पोरगी एक सर्व्हिस सोडत नाही. मॅचमध्ये 22-22 झालं, की बॉल नेटमध्ये. मनानं कच्ची आहे का हो?"

नागपुरातल्या व्हॉलीबॉलपटूंचे पालक हे वरचेवर विचारतात. ही मुलगी 17 वर्षांखालच्या संघातली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाबांच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ होते. प्रॅक्टिसमध्ये ती बॉल दोनदा आपटते, समोर बघते, मग टॉस, म्हणजे बॉल वर उडवते. मॅचमध्ये शिट्टी वाजते न वाजते तोच टॉस, तोही डोक्याच्या मागे. शिट्टीनंतर सर्व्हिसला 8 सेकंद मिळतात. तिला मात्र कधी एकदाचं उरकतं असं झालेलं. मन कच्चं वगैरे काही नाही, नुसती घाई.

त्यात बाबा बाहेरून, "कोपर वर! हात सरळ!" ती म्हणाली, "ते ओरडून राहिले ना मॅडम, की मला माझा हातच दिसते." अंगवळणी पडलेल्या हालचालीकडे ऐन वेळी लक्ष गेलं, की ती बऱ्याचदा बिघडते. बाबा शाळेत खेळले तेव्हा सर्व्हिस चुकली तर फक्त सर्व्हिस जायची. आता रॅली पॉइंटमध्ये थेट पॉइंट जातो. त्यांचा जीव खालीवर व्हायचा तो त्यामुळे.

तिला म्हटलं, "हात विसर. समोरच्या संघात पाच नंबरच्या जागेवर, म्हणजे त्यांच्या मागच्या डाव्या बाजूला, जी उभी असेल तिच्या मागची रिकामी जागा बघ, बॉल दोनदा आपट, श्वास सोड, मार." कोचना विनंती केली, सलग 30 सर्व्हिस घेण्यापेक्षा दमल्यावर, सगळ्यांच्या गलक्यात एकच घ्या. चुकली तर परत नाही. मॅचमध्ये तरी लगेच दुसरी कुठं मिळते?

चुकल्यावर काय करायचं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सर्व्हिस गेली की लगेच समोरची येते, आणि हुशार संघ मान खाली घातलेल्या पोरीवरच ती टाकतो. म्हणून ठरलं: जागेवर जायचं आणि समोर सर्व्हिसला आलेल्या मुलीचा नंबर मोठ्यानं सांगायचा.

पुढच्या स्पर्धेत शेवटच्या सेटला तिची एक सर्व्हिस गेलीच. "नऊ नंबर!" ओरडत पुढचा बॉल मात्र तिनंच उचलला. मॅच हरले.

मॅचआधी झोप उडणं, उलट्या, मैदानावर जायलाच नको म्हणणं, हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर एवढ्यानं भागत नाही. तेव्हा समुपदेशकाकडे या, आणि मुलीला एकटीला बोलू द्या. आईबाबांनी बाहेर बसावं.