बक्षीसपत्राच्या आधी सहीची सोय

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वकिलीत म्हाताऱ्या आईवडिलांची कामं येऊ लागली, हे चांगलं झालं. यातले निम्मे पक्षकार एकच वाक्य घेऊन येतात: "वडिलांना हल्ली विसरायला होतंय, घर पोराच्या नावावर करून टाकू." बक्षीसपत्राचा, म्हणजे जिवंतपणी मालमत्ता फुकट देऊन टाकण्याच्या दस्ताचा, मसुदा काढण्याआधी विचार, हा सल्ला दिला कुणी? पुष्कळदा तो अमेरिकेतल्या नातेवाइकाचा असतो. तिथे मेडिकेडने, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेने, दीर्घ शुश्रूषेचा खर्च उचलावा यासाठी नावावर मालमत्ता थोडी असावी लागते, आणि बहुतेक राज्यांत अर्जाआधीच्या पाच वर्षांतली बक्षिसं तपासतात. म्हणून तिथले वकील मालमत्ता वेळीच हलवायला सांगतात. आपल्याकडे घरी ठेवलेल्या आयाबाईचा पगार देणारी अशी योजनाच नाही. सत्तरीपुढच्यांना सरकारच्या आयुष्मान आरोग्य योजनेतून वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. मग घर वाचवायचं ते कुणापासून?

आपल्याकडे खरी अडचण सहीची होते. मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, केलं की काम झालं, असं लोकांना वाटतं. पण करार कायद्याचं कलम 201 बघ: मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन थाऱ्यावर राहिलं नाही की मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे ज्या दिवशी त्याची गरज लागते त्याच दिवशी ते निकामी. पालकत्वाचा 1890 चा कायदा अज्ञान मुलांसाठी आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी वगैरे येतात, म्हातारपणचा स्मृतिभ्रंश येत नाही. मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांचं ठरवू शकतो, मुदतठेव मोडू शकत नाही. राहतो तो पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खालचा अर्ज. त्यात वैद्यकीय तपासणी आणि सगळ्या वारसांची संमती बघितली जाते. तोवर आयाबाईचा पगार कुणीतरी खिशातून देत राहतो.

म्हणून पहिल्या भेटीत खात्यांची यादी माग. बचत खातं आणि ठेवी 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकतो) आहेत की 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर', हे पावतीवर वाच. दुसऱ्या प्रकारात पहिला धारक जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला हात लावता येत नाही, आणि पहिला धारक बहुधा आजारी माणूसच असतो. मुदतीआधी ठेव मोडण्याची लेखी सूचनाही दोघांच्या सहीने आत्ताच बँकेत देऊन ठेवायला सांग. माणूस शुद्धीवर आहे पण हात चालत नाही, अशा वेळी घाबरायचं कारण नाही. अंगठा, आणि तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेतल्या नव्या पोरांना हे माहीत नसतं, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या सूचनेची प्रत बरोबर न्यायला सांग.

पैशाचा हिशेब कागदावर कर. चोवीस तासांची बाई महिना 45 हजार धरली तर वर्षाला 5 लाख 40 हजार होतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकाला 30 लाखांची मर्यादा. 8.2 टक्के दराने तिमाहीला 61,500 येतात. नवराबायको दोघांनी पूर्ण रक्कम ठेवली तर वर्षाला 4 लाख 92 हजार, म्हणजे तरीही 48 हजार कमी, आणि औषधं, डायपर अजून धरलेलंच नाही. ही तूट घरातून भरता येते. रिव्हर्स मॉर्गेजमध्ये घर तारण घेऊन बँक दरमहा पैसे देते, वृद्ध शेवटपर्यंत त्याच घरात राहतात, आणि नंतर कर्ज व्याजासकट फेडून घर सोडवून घ्यायची पहिली संधी वारसांना मिळते. अट ही की अर्जदार साठीपुढचा हवा, घर स्वकष्टार्जित आणि त्याच्याच नावावर हवं. बक्षीसपत्र केलंस की ही वाट तू स्वतः बंद केलीस.

तरीही पक्षकार अडून बसला तर दस्तात अट लिहिल्याशिवाय सही होऊ देऊ नकोस. ज्येष्ठ नागरिक कायदा 2007 च्या कलम 23 खाली हस्तांतरण रद्द करून घेता येतं, पण सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांभाळाची अट असल्याचं दाखवायला लावलं. 2025 च्या निकालात न्यायालय ज्येष्ठांच्या बाजूने बरंच उदार झालं, पण उदारपणाच्या भरवशावर दस्त करू नये. सरळ लिही: "लिहून घेणार हे लिहून देणार यांचा आजीव सांभाळ, औषधोपचार व शुश्रूषा करतील, या अटीवर ही मिळकत दिली आहे. सदर मिळकतीत राहण्याचा लिहून देणार यांचा आजीव हक्क राखून ठेवला आहे." हस्तांतरण रद्द करण्याचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे जातो. तिथे निर्वाहभत्त्याची कमाल महिना 10 हजार आहे, म्हणजे वरच्या हिशेबाच्या पाव भागाएवढीही नाही. माझं मत विचारशील तर जिवंतपणी घर देऊच नये, मृत्युपत्र करावं.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार लागतातच, आणि ते मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान असलेले बरे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर मुलाला बाहेर बसव. म्हाताऱ्याला विचार: मुलं किती, कोण कुठे, घर कधी घेतलं, कुणाला काय द्यायचं आणि का. उत्तरं त्यांच्याच शब्दांत तारीख टाकून फाइलला लाव. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोड, महिनाभरापूर्वीचा नको. उत्तर अडखळलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी ये. संध्याकाळी असे रुग्ण जास्त गोंधळतात. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकांची गृहभेट मिळते, त्याचा अर्ज आधी कर. वडिलोपार्जित मिळकत मात्र पूर्ण त्यांची नसते, 2005 नंतर मुलींचाही जन्मसिद्ध हिस्सा आहे, तेव्हा आधी हिस्सा किती ते ठरव. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही बजावून सांग. बँकखात्याला आता चार नॉमिनी लावता येतात, तरी वारसाहक्क ठरतो तो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने.

शेवटी एक काम बहुतेक वकील सांगतच नाहीत. आईवडिलांना सांभाळणाऱ्या भावंडाला वेगळं खातं ठेवायला लाव. बाईचा पगार, औषधं, पलंगाचं भाडं सगळं त्यातून आणि बँकेमार्फत जावं, रोखीने नाही. दर तीन महिन्यांनी हिशेबाची प्रत बाकी भावंडांच्या गटात टाकायला सांग आणि उत्तर आलं की जपून ठेवायला सांग. आई गेल्यानंतर 'तू पैसे खाल्लेस' म्हणणारा भाऊ त्या गटात 'ठीक आहे' लिहून बसलेला असतो.

तुझा,
शुभचिंतक